राहुकाळात टाकलेलं गणित

२ फेब्रुवारी, सोमवार

ही डायरी श्री कनकवल्ली ज्वेलर्सकडून भेट आलेली. प्रत्येक पानावर वरच्या कोपऱ्यात त्या दिवसाचा राहुकाळ, खालच्या कोपऱ्यात एक दागिना. आजच्या पानाला साडेसात ते नऊ आणि एक वंकी. मधल्या जागेचं काय करायचं ते ज्याचं त्याने पाहावं. महिनाभर ती दुधाच्या कार्डाखाली पडून होती. आज म्हटलं, कोरी टाकण्यापेक्षा खराब करावी.

मराठीत लिहिते आहे, कारण या घरात मराठी बोलणारे दोघे आणि वाचणारी एक. माझ्या नवऱ्याचं, विजयेंद्रचं, मराठी तंजावरचं, निव्वळ तोंडी. लिहायची वेळ आली की तो तमिळमध्ये लिहितो. माझंही तसंच झालं असतं. पण एम.एस्सी.ला पुण्याला गेले, वर्गातले दोन वर्षं माझ्या बोलण्याला हसले, आणि मी ते दुरुस्त करून घेतलं. आता तंजावरचे हसतात.

संस्थेत माझं पद वैज्ञानिक अधिकारी. काम एकच: प्राध्यापक नारायणस्वामींच्या गटाचा प्रोग्राम सांभाळणं. हा प्रोग्राम दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांभोवती फिरवतो, आदळवतो, आणि पुढच्या तीसेक मिलिसेकंदांत काय होतं ते सांगतो. तेवढं सांगायला आमच्या कनका नावाच्या यंत्राला सहा आठवडे लागतात; अशा एका फेरीला आम्ही रन म्हणतो. आइन्स्टाइनप्रमाणे अवकाश वाकवणं त्यातला सोपा भाग. छळतात ते न्यूट्रिनो. 'न्यूट्रिनो कशालाही न अडखळता आरपार जातात' या वाक्याने सुरू होणारी व्याख्यानं मी एकोणीस वर्षं ऐकते आहे. शेवटी वक्ता ते माणसाच्या आयुष्याला लावून दाखवतो. मी लावणार नाही. आमच्या ताऱ्यांत ते अडखळतात, हीच तर कटकट आहे.

आणखी एक गंमत नोंदवून ठेवते. कनकावर छोट्या चाचण्यांसाठी वेगळी रांग आहे, दीड तासाची मर्यादा असलेली. ती एरवी सदैव तुंबलेली. पण राहुकाळात, म्हणजे रोजच्या त्या अशुभ दीड तासात, आमच्या संस्थेतला एकही माणूस नवं गणित यंत्रावर टाकत नाही. विश्वाचा जन्म सेकंदाच्या कोट्यवधीव्या भागापर्यंत काढणारे लोक दीड तास कॉफी पीत बसतात. त्यामुळे माझ्या सगळ्या चाचण्या मी राहुकाळात टाकते. रांग रिकामी, दीड तास पुरेपूर. अंधश्रद्धेचा इतका नियमित फायदा पुजाऱ्यांनाही होत नसेल.

हरिणी आज प्रबंधाचं चौथं प्रकरण देऊन गेली. तांबरमहून येते, आमच्यासारखीच तंजावरची मराठी आहे, मला अक्का म्हणते. सोळा एप्रिलला तिचा सेमिनार, मग प्रबंध सादर. जर्मनीत जागा पक्की झाली आहे, एक जूनपासून, अट एवढीच की प्रबंध मे संपायच्या आत सादर झालेला हवा. जाताना तिने विचारलं, "अक्का, चौथ्या प्रकरणातल्या पाच रन्सची मूळ फाइल कोणाची?"

"माझीच असणार. का?"

"असंच. आभारात नाव घालायला."

गुणी मुलगी.

११ फेब्रुवारी, बुधवार

सरांनी बोलावून घेतलं. कनकवल्लीचे मालक राजगोपाल आले होते. कनका हे यंत्र त्यांच्या देणगीतून आलं, म्हणून त्याचं नाव कनका. अक्षय तृतीयेला त्यांच्या दुकानात वाटायला एक पत्रक हवं आहे: सोनं आकाशात कसं तयार होतं, सोप्या भाषेत. संस्थेत सोपी भाषा माझ्याकडे असते असा समज आहे.

राजगोपाल अत्यंत विनम्र. म्हणाले, "मॅडम, गिऱ्हाइकाला कळलं पाहिजे की तिच्या गळ्यातलं पूर्वी तारा होतं. मग ती घडणावळीवर घासाघीस करणार नाही."

घरी येऊन मसुदा केला. दोन न्यूट्रॉन तारे आदळतात, थोडा माल बाहेर फेकला जातो. त्यात न्यूट्रॉन भरपूर असले तर अणूंना ते चिकटत जातात आणि सोनं बनतं. मात्र धडकेतून न्यूट्रिनोंचा लोंढाही निघतो. बाहेर पडणाऱ्या मालात त्यातले काही शोषले गेले की न्यूट्रॉनचे प्रोटॉन होतात, आणि तेवढं सोनं कमी बनतं. म्हणजे न्यूट्रिनो हा सोन्याला लागलेला जकातदार. आमच्या गटाच्या निबंधाप्रमाणे जकात वजा जाता एका धडकेत दहा पृथ्व्यांच्या वजनाइतकं सोनं उरतं. इतर गटांचा आकडा याहून बराच लहान आहे. सर म्हणतात त्यांची जाळी, म्हणजे गणितासाठी अवकाशाचे पाडलेले चौकोन, जाड आहे.

विजयेंद्रला वाचून दाखवलं. तो पेरुंगुडीला सॉफ्टवेअर कंपनीत माणसं हाकतो. म्हणाला, "दहा पृथ्व्या सोनं असून आमच्या घरांत दोन बांगड्या कां?"

१७ फेब्रुवारी, मंगळवार

पत्रकासाठी आकडा तपासायला मूळ फाइल उघडली. फाइल म्हणजे यंत्राला दिलेली सूचनांची यादी, साठेक ओळी. एकेचाळिसावी ओळ: न्यूट्रिनो शोषण, बंद.

परत वाचली. बंद.

फाइलवर तारीख १० ऑक्टोबर २०२३, मंगळवार, दुपारी तीन वाजून बारा मिनिटं. आज पानावर वर छापलं आहे: राहुकाळ तीन ते साडेचार.

१८ फेब्रुवारी, बुधवार

रजा टाकली. डोकं दुखतं असं सांगितलं, ते खोटं नव्हतं.

काय झालं असणार ते मला स्पष्ट आठवतं, म्हणजे आठवत नाही, पण मी स्वतःला ओळखते. त्या दिवशी गुरुत्वाकर्षणाचा भाग तपासायचा होता. शोषणाचं गणित वेळखाऊ. ते चालू ठेवलं तर चाचणी दीड तासात मावत नाही. मी ते बंद केलं, रिकाम्या रांगेत फाइल टाकली, साडेचारच्या आत उत्तर आलं, मी खूश होऊन घरी गेले. परत चालू करायचं राहिलं.

आमच्याकडे कोणी नवी फाइल लिहीत नाही. कालच्या फाइलवरून आजची करायची, विरजणासारखं. हरिणीने माझी उचलली, तिच्यावरून पाच रन्स लावल्या. पाचही रन्सच्या अहवालात वरच ठळक लिहून येतं: न्यूट्रिनो, चालू. ते खोटं नाही. तारे न्यूट्रिनो टाकत होते. घेत कोणी नव्हतं. जकात नाक्यावर बसवलेला माणूस दोन वर्षं झोपलेला होता, आणि आम्ही दहा पृथ्व्या सोनं मोजून मोकळे झालो.

विजयेंद्रला सांगितलं. नाव न घेता, एका ऑफिसात असं असं झालं म्हणून.

"ग्राहकाला सापडलं कां?"

"नाही."

"मग अजून चूक नाही. आमच्याकडे सापडेपर्यंत चूक नसते." मग म्हणाला, "केव्हा केलीस ती फाइल?"

"मी केली असं कोण म्हणतंय?"

"सरी, बरं. त्या बाईने केव्हा केली?"

"मंगळवारी दुपारी."

त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, राहुकाळावरून माझी टिंगल ऐकत आलेला माणूस आहे. काही बोलला असता तर बरं झालं असतं.

मला चूक कबूल करायला मुळीच संकोच नाही. चुका होतात, विज्ञान त्यावरच चालतं. पण ही सांगितली की लोक चुकीबद्दल बोलणार नाहीत, वेळेबद्दल बोलतील. एकोणीस वर्षांची माझी विवेकनिष्ठा एका दुपारच्या योगायोगाने निकालात निघेल. हे समाजाच्या हिताचं नाही. तेव्हा आधी पुरती खात्री करावी, मग सांगावं, असं ठरवलं. जाड जाळीवर एक रन लावते. आठ दिवस लागतील.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

जाड जाळीचं उत्तर आलं. शोषण चालू केल्यावर सोनं तीन पृथ्व्या. इतर गटांच्या आकड्याला बरोबर चिकटून.

जाड जाळीवर फार विसंबू नये हेही खरं.

९ मार्च, सोमवार

हरिणी सकाळी डबा घेऊन आली. आईने अंबट वरण केलेलं, मुद्दाम माझ्यासाठी. खाऊन होईपर्यंत समोर बसून राहिली. मग म्हणाली, "अक्का, चार रन्स परत लावाव्यात म्हणतों. दोन-दोन जोडीने लावल्या तर बारा आठवडे. यंत्राचा वेळ द्याल कां?"

यंत्राचा मोठा वेळ माझ्या सहीने मिळतो.

"कशासाठी?"

"तपासायला."

"काय तपासायला?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मोठे डोळे आहेत तिचे, समोरच्याला उगाच अपराधी वाटेल असे. "सगळंच," म्हणाली.

मी तिला समजावलं. प्रबंध ही संपवायची गोष्ट आहे, तपासत बसायची नाही. बारा आठवडे म्हणजे जून उजाडेल, जर्मनी हातची जाईल. शिवाय दुसऱ्या गटांची रांग आहे, सगळे माझ्या नावाने बोटं मोडतात. तिने ऐकून घेतलं, डबा धुऊन आणला. "फेब्रुवारीत मागितला असता तर मिळाला असता कां?" हेही विचारलं. मी म्हटलं, जर-तरवर यंत्र चालत नाही.

तसंही तिने कमी वेळ घेतलेला नाही. तिची 'पोंगल' नावाची एक रन जानेवारीपासून सहा आठवडे यंत्र अडवून बसली होती. तिला प्रबंधासाठी मिळालेला वेळ तिने त्यात घालवला. कसली रन म्हणून विचारलं, तर म्हणाली, "सहज अक्का, मनाला लागलं म्हणून." तरुण माणसांना यंत्र म्हणजे घरची गाय.

हो, सांगायचं आहेच. पण तिच्या प्रबंधाच्या तोंडावर नाही. मुलीचं नुकसान करून मला सत्यवान व्हायचं नाही. प्रबंध सादर होऊ दे, ती विमानात बसू दे, मग जूनमध्ये शांतपणे एक दुरुस्तीपत्र पाठवता येईल. यात माझा काही स्वार्थ नाही हे दोनदा तपासून पाहिलं.

२० मार्च, शुक्रवार

यंत्राची साठवण भरत आली, जुन्या फाइली काढा, असं परिपत्रक. माझीच सही. दुपारी हरिणीने दारातूनच विचारलं, "अक्का, २०२३च्या फाइली काढून टाकू कां? ती मूळ फाइलसुद्धा? तुम्ही म्हणाल तसं."

किती सरळ मुलगी. स्वतःच्या पाच रन्सचं मूळ कशात आहे याची कल्पना नाही, आणि ते माझ्या हातात आणून देते आहे. जुन्या फाइलींच्या नोंदवहीत पाहिलं होतं मी, तिने ती फाइल बारा जानेवारीला उघडली होती, मग चौदाला, मग सोळाला. अभ्यासू आहे. पण वाचणं निराळं आणि दिसणं निराळं; मला स्वतःलाही ती ओळ दोन वर्षं दिसली नव्हती.

मी म्हणाले, "काढ."

संध्याकाळी घरी परतताना मांबलम स्टेशनच्या जिन्यावर उभी राहिले आणि तिथून तिला फोन लावला. उचलला नाही. परत लावला नाही. साठवण खरोखरच भरलेली होती.

३० मार्च, सोमवार

आज धीर करून सरांकडे गेले. अर्धा.

"सर, समजा एखाद्या रनमध्ये शोषण बंद राहिलं असेल तर."

नारायणस्वामी सर चष्मा पुसत होते. माणूस वाईट नाही. त्यांना वाईट बातमी चष्म्याशिवाय ऐकायला आवडते. "समजा या शब्दावर सेमिनार होत नाही, कृष्णवेणी. सोळाला मुलीचं होऊ दे. एकोणीसला राजगोपालचं पत्रक निघू दे. मग आपण एक नवा निबंध लिहू. दहाच्या जागी नवा आकडा आला तर तोही शोधच की."

"तुम्हाला माहीत आहे?"

"मला काहीच माहीत नाही. तुम्ही समजा म्हणालात." त्यांनी चष्मा घातला. "पत्रक सुंदर झालंय. जकातदार छान."

बाहेर पडल्यावर हलकं वाटलं. मी सांगितलं होतं. ज्याला सांगायचं त्याला सांगितलं, आता पुढचं त्यांचं. हे हलकेपण संध्याकाळच्या कॉफीपर्यंत टिकलं.

विजयेंद्रला सगळं सांगितलं, या वेळी नावानिशी. तो टंबलरमधली कॉफी खालीवर करत राहिला.

"पोरीला सांगितलीस?"

"तिला कशाला? तिला त्रास."

"वेणी, तिच्या नावाने पुस्तक बांधणार आहेत. सोनेरी अक्षरांत. आत तुझी चूक. मज वाटतं, तिला सोडून तू सगळ्यांना सांगितलीस."

"सगळ्यांना कुठे, दोघांना."

"तेच," म्हणाला.

८ एप्रिल, बुधवार

सांगितलं. कँटीनच्या मागे, कडुनिंबाखाली, उभ्या उभ्या. मी वाक्यं तयार करून नेली होती, पहिलं चांगलं जमलं होतं. "हरिणी, तुला धक्का बसेल असं काही सांगायचं आहे."

ती म्हणाली, "एकेचाळिसावी ओळ."

मग पुढची वाक्यं वाया गेली.

"केव्हापासून?"

"भोगीच्या आदल्या दिवशी पाहिलों. आकडा इतरांशी जुळत नव्हता, म्हणून. मग पोंगलला एक रन लावलों, शोषण चालू ठेवून. साडेतीन पृथ्व्या येतं."

"मग बोलली का नाहीस?"

"विचारलों की. फाइल कोणाची म्हणून. वेळ द्याल कां म्हणून. फाइल काढू कां म्हणून." ती बोटं मोडत नव्हती, आवाजही चढला नव्हता. "मज वाटलं तुम्ही सांगाल. तुम्हाला माहीत नसेल असंही वाटलं. सतरा फेब्रुवारीला तुम्ही फाइल उघडलात, नोंदवहीत दिसलं. अठराला रजा. मग कळलं, माहीत आहे."

म्हणजे ज्या नोंदवहीत मी तिला वाचत होते, त्याच नोंदवहीत ती मला.

"काढ म्हणालात त्या दिवशी मी रडलों," ती म्हणाली. "फोन आला तुमचा, घेतलों नाही. फाइल काढली नाही."

मी विचारलं, मग सरळ सरांकडे का गेली नाहीस. ती पहिल्यांदा दुसरीकडे पाहू लागली. "जर्मनीला मलाही जायचं आहे, अक्का. सगळ्यांच्या प्रोग्राममध्ये असं काही असतं, असं मीपण म्हणत होतों मनात. रोज म्हणत होतों."

पुण्याच्या वर्गात हे 'होतों' कोणी ऐकलं असतं तर हसले असते. मला हसू आलं नाही.

"आता काय करणार?"

"सोळाला आठ दिवस आहेत," ती म्हणाली आणि तीन पाचच्या गाडीसाठी निघून गेली. मी मात्र एक हिशेब करत उभी राहिले, जो दोन महिने टाळला होता. सतरा फेब्रुवारीला चार रन्स लावल्या असत्या, तर बारा आठवड्यांनी मेची बारा तारीख आली असती.

१६ एप्रिल, गुरुवार

राहुकाळ दीड ते तीन, त्यामुळे सेमिनार तीन वाजून पाच मिनिटांनी. सभागृह भरलेलं, कारण नंतर बोंडा होता. राजगोपाल पहिल्या रांगेत, पांढऱ्या शर्टात.

हरिणी चांगली बोलली. पहिली तीन प्रकरणं तीस मिनिटांत. चौथ्याला तिने एकाच चित्रात दोन रेषा दाखवल्या, एक दहाला जाणारी, एक साडेतीनला. म्हणाली, "प्रकाशित निबंधातली वरची रेषा चूक आहे. मूळ फाइलमध्ये न्यूट्रिनो शोषण बंद राहिलं होतं. मी फाइल तपासली नाही. चूक माझी आहे. उरलेल्या चार रन्स परत केल्याशिवाय हे प्रकरण मी देऊ शकत नाही."

सरांनी चष्मा काढला.

मी मागच्या रांगेत होते. लिहायला हरकत नाही की मी लगेच उठले नाही. तिने 'चूक माझी' म्हटलं आणि त्यानंतर एक प्रश्न झाला, जाळीबद्दल, आणि त्याचं उत्तर झालं, तेवढा वेळ मी बसून होते. तो वेळ दीडएक मिनिटाचा असेल. माझ्या मनात काय होतं? बोंड्याची चटणी संपेल असं काहीतरी होतं. मग उठले.

"फाइल माझी आहे," मी म्हणाले. "चाचणीसाठी मी शोषण बंद केलं आणि परत चालू केलं नाही. फेब्रुवारीपासून मला माहीत आहे. हरिणीने वेळ मागितला होता, मी दिला नाही."

मला वाटलं, आता विचारतील. का लपवलं, कसं लपवलं, निबंधाचं काय. उत्तरं तयार होती. तिसऱ्या रांगेतल्या विश्वोत्पत्तीवाल्या एका ज्येष्ठ गृहस्थांनी हात वर केला.

"फाइल कोणत्या दिवशी केलीत?"

"दहा ऑक्टोबर, दोन हजार तेवीस."

"वार?"

"मंगळवार."

"किती वाजता?"

त्या क्षणी खोटं बोलायची फार इच्छा झाली. बाकी सगळं कबूल केलं होतं, हे एवढंच माझ्यासाठी ठेवायला हरकत नव्हती.

"तीन बारा."

सभागृहाने एकदम श्वास सोडला. सुटकेचा. पुढे कोणी काही विचारलं नाही. विचारायला उरलंच नव्हतं. कारण सापडलं होतं, आणि ते सर्वांना पटलं होतं. सर स्वतः मला म्हणाले, अगदी मायेने, "तुम्हाला कोणीतरी आधीच सांगायला हवं होतं." मानवी निष्काळजीपणा, भित्रेपणा, दोन महिन्यांचं मौन, या सगळ्याचा भार राहूने एकट्याने उचलला. माझ्यावर ठपका ठेवायला कोणी तयार होईना. मी दोघातिघांना धरून सांगितलं की चूक माझी आहे. त्यांनी मला बोंडा दिला.

प्रबंध-समितीचा निर्णय: चार रन्स पूर्ण करा, मग प्रबंध. म्हणजे जुलै.

१९ एप्रिल, रविवार

अक्षय तृतीया. विजयेंद्रच्या बहिणीला सोन्याचा मणी घ्यायचा होता म्हणून कनकवल्लीत जावं लागलं. माझं पत्रक दारातच वाटत होते. 'दहा पृथ्व्या' वर पिवळी पट्टी चिकटवलेली: 'नवे संशोधन: फक्त तीन! आकाशातही साठा मर्यादित.'

राजगोपाल हात जोडून पुढे आले. "मॅडम, तुमची दुरुस्ती फार उपयोगी पडली. दहा ऐकून गिऱ्हाईक म्हणत होतं, मग महाग कां. तीन म्हटल्यावर कोणी विचारत नाही."

साडेतीन, मी म्हटलं. ते म्हणाले, तीन पट्टीवर नीट बसतं.

६ मे, बुधवार

जर्मनीचं पत्र सकाळी आलं. त्यांना खेद आहे, जूनसाठी माणूस हवाच होता, जागा दुसऱ्याला दिली, पुढच्या वर्षी अर्ज करावा. हरिणीने ते फोनवर मला दाखवलं, मी वाचलं, तिने फोन परत घेतला. मी 'माफ कर' म्हणाले. तिने मान हलवली, म्हणजे केलं असं नाही, ऐकलं असं.

दोन रन्स सेमिनारच्या दुसऱ्या दिवशीच लावल्या होत्या. उरलेल्या दोन रन्सची जागा आज रिकामी झाली, मी सही आधीच करून ठेवली होती. जुन्या फाइलवरून नवी करायची नाही असं तिने ठरवलं आहे. कोऱ्या पानापासून, एकेक ओळ. ती माझ्या खोलीत खुर्ची ओढून बसली. एक ओळ टाइप करायची, मोठ्याने वाचायची, मी 'हं' म्हणायचं, मग पुढची. ताऱ्यांची वजनं. हं. अंतर. हं. जाळी. हं. मला हे थोडं पोरकट वाटत होतं, साठ ओळींना साठ हुंकार, पण वीसेक ओळींनंतर त्याला एक लय आली आणि आम्ही दोघी जरा भरभर जाऊ लागलो.

एका ओळीपाशी ती थांबली. टाइप केलं नाही, वाचलंही नाही. कीबोर्ड माझ्याकडे सरकवला.

मी 'चालू' असं टाइप केलं.

तिने पडद्याजवळ वाकून ते वाचलं. मग बोट ठेवून परत एकदा वाचलं. मला राग आला नाही. कीबोर्ड मी तिच्याकडे सरकवला, आणि ती बेचाळिसावी ओळ मोठ्याने म्हणाली.